सायफाय: विज्ञान चुकलं तर चालतं, पण स्वतःचाच नियम मोडला तर? (स्पॉयलर आहेत, जपून वाचा)

अवकाशवेडा

फेब्रुवारी २०२५ मध्ये इंटरस्टेलर आयमॅक्सला परत लागला तेव्हापासून आमच्या ग्रुपवर वाद चालूये तो काही मिटत नाही म्हणून शेवटी इथे धागा काढतोय. एक पार्टी म्हणते याच्यासारखा सायफाय झाला नाही, दुसरी म्हणते शेवटचा अर्धा तास नुसता भावनांचा बाजार, त्यात विज्ञान कुठंय. मला दोन्ही पटत नाही.

माझं म्हणणं असं की सायफायमध्ये एक अशक्य गोष्ट माफ असते. वर्महोल म्हणा, टाइम मशीन म्हणा, काय हवं ते घ्या. पण एकदा ती मांडली की तिचे नियम शेवटपर्यंत पाळायचे, आणि पात्रांचं जे काही बरंवाईट व्हायचं ते त्या नियमातूनच झालं पाहिजे. "हे खरंच शक्य आहे का" हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

इंटरस्टेलरमधल्या मिलरच्या ग्रहाचंच घ्या. तो कृष्णविवराजवळ आहे म्हणून तिथला १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. हिशोब करून बघा, ७ वर्षांचे साधारण २५५५ दिवस, तासाचे ३६०० सेकंद, म्हणजे तिथे दीड सेकंदही होत नाही तोवर इथे एक अख्खा दिवस संपतो. हे डोक्यात ठेवून ती लाट येतानाचा सीन बघा, अंतराळवीर डॉइल यानाच्या दारात उभा राहून सहकारी ब्रँडची वाट बघतोय, आणि प्रत्येक श्वासाला पृथ्वीवर राहिलेल्या मर्फच्या, म्हणजे नायक कूपरच्या मुलीच्या, आयुष्यातला एक एक दिवस जातोय. परत येतात तेव्हा २३ वर्षं ४ महिने ८ दिवस गेलेले असतात आणि कूपरचा मुलगा स्क्रीनवर बाप झालेला दिसतो. तो सीन रडवतो तो संगीतामुळे नाही (संगीत भारी आहेच), नियम आधी सांगितला होता आणि तो कोणासाठीही वाकला नाही म्हणून रडवतो.

सिनेमाचा वैज्ञानिक सल्लागार असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नने या सिनेमासाठी दोन अटी घातल्या होत्या, पक्क्या सिद्ध झालेल्या नियमांच्या विरुद्ध काही दाखवायचं नाही आणि कल्पनेच्या भराऱ्या मारायच्या त्या खऱ्या विज्ञानातूनच. दिग्दर्शक नोलनला मध्येच कुणीतरी प्रकाशापेक्षा वेगाने जावं असं हवं होतं, थॉर्न अडून बसला आणि ते निघालं. पुढे २०१७ ला त्याला नोबेल मिळालं, ते गुरुत्वीय लहरींसाठी.

तर सांगा, तुमच्या मते कोणी नियम पाळला, कोणी मोडला? सिनेमे सिरीज दोन्ही चालतील.

घाटमाथा

धागा मस्त, पण तुम्ही उदाहरणच असं घेतलंय की ज्यात नियम मोडलाय 🙂

पृथ्वीवरून निघताना त्यांना कितीतरी टप्प्यांचं भलंमोठं रॉकेट लागतं, बरोबर? मिलरच्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १३० टक्के आहे असं सिनेमातच सांगतात. मग तिथून तेच छोटं रेंजर यान एकटं कसं काय उडतं? रॉकेट नाही, बूस्टर नाही, लाटेवरून सुटलं आणि गेलं वर. पृथ्वीवरून तसं जाता येत असेल तर सुरुवातीला ते रॉकेट कशाला जाळलं?

काळ किती मंदावतो वगैरे मला मान्य आहे, कृष्णविवर कमाल मर्यादेच्या अगदी जवळ पोचेल एवढ्या वेगाने फिरत असेल तर ते आकडे बसतात असं थॉर्नने करून दाखवलंय. टेसरॅक्टबद्दलही (कृष्णविवराच्या आतली ती जागा) माझी तक्रार नाही, कृष्णविवराच्या क्षितिजापलीकडे काय आहे हे कुणालाच माहीत नाही तर दिग्दर्शकाला तिथे मोकळीक आहे. माझी तक्रार इंधनाबद्दल आहे. अख्खा सिनेमा इंधन कमी आहे, इंधन कमी आहे म्हणून निर्णय घ्यायला लावतो, आणि सोयीचं तिथे इंधन लागतच नाही.

सांजवात

मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते. रेंजर कसं उडालं हा प्रश्न मला थिएटरमध्ये पडला नाही आणि आत्ता वाचूनही त्याने काही बिघडलंय असं वाटत नाही, कारण मी ज्यासाठी सिनेमा बघत होते ते बाप आणि मुलगी हे होतं.

पण "भावनांचा बाजार" म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. ब्रँड ते प्रेमाबद्दलचं बोलते तेव्हा सिनेमा तिच्या बाजूने नसतो हो. कूपर तिला सरळ सांगतो की तुझं दुसऱ्या ग्रहावर गेलेल्या एडमंड्सवर प्रेम आहे म्हणून तू तिकडे जायचं म्हणतेयस, आणि ती हरते, ते डॉ. मानच्या ग्रहावर जातात कारण तिकडून अजून माहिती येत असते. ती माहितीच खोटी निघते. मान स्वतःचा जीव वाचवायला खोटे आकडे पाठवत बसलेला असतो. म्हणजे ज्याला सगळे शहाणा शास्त्रज्ञ म्हणत होते त्याचा निर्णय भीतीने घेतलेला, आणि जिला भावुक म्हणून गप्प केलं तिचा ग्रह बरोबर. यात प्रेमाने ब्लॅकहोल उघडलं वगैरे काही नाहीये. माणसं आकडे पाठवतात आणि माणसं घाबरतात, एवढंच आहे, आणि मला ते फार खरं वाटलं.

नागपूरकर

द मार्शियन (मंगळावर एकटा मागे राहिलेल्या माणसाचा) कुणी काढला नाही अजून म्हणून मी काढतो.

सुरुवातीचं वादळ साफ चुकीचं आहे. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी, तिथे कितीही जोराचा वारा आला तरी यान बियान कलंडणार नाही, फार तर धूळ उडेल. लेखक अँडी वीअरला हे माहीत होतं, त्यानेच सांगितलंय की निसर्गाने पहिला फटका द्यायला हवा होता म्हणून मुद्दाम तसं ठेवलं. पण त्यानंतर?? त्यानंतर अख्खा सिनेमा हिशोबाने चालतो. किती बटाटे, किती कॅलरी, किती सोल (मंगळावरचे दिवस) पुरतील, पाणी करायचं तर हायड्रॅझीन हे यानाचं इंधन कसं जाळायचं, आणि ते जाळताना स्फोट होतो कारण स्वतःच्या उच्छ्वासातला ऑक्सिजन धरायचा राहिला. मला हा सीन सगळ्यात आवडतो, माणूस हुशार आहे तरी मरता मरता वाचतो. १९९७ ला उतरलेलं पाथफाइंडर उकरून काढतो, कॅमेरा फक्त फिरू शकतो म्हणून षोडशमान (१६ चिन्हांच्या) आकड्यांच्या पाट्या गोल लावून त्यावर बोलतो, क्या बात है.

(मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार असतात, ते धुतल्याशिवाय तसे बटाटे खाता येणार नाहीत, हे मला माहितीये, कुणीतरी लिहिणारच म्हणून आधीच लिहितो.)

तर अवकाशवेडा, तुमच्या नियमात मी एक भर घालतो. चूक करायची तर पहिल्या दहा मिनिटांत करा. माणूस संकटात सापडायला योगायोग चालतो, त्यातून सुटायला चालत नाही.

केशरी_मेघ

नागपूरकर, शेवटच्या ओळीला १०० टक्के अनुमोदन. आणि त्याच कसोटीवर ग्रॅव्हिटी नापास होतो बघा.

हबल दुरुस्त करता करता अपघात होतो आणि मग ते जेटपॅकवर स्पेस स्टेशनला जातात. हबलची कक्षा विषुववृत्ताशी साधारण २८.५ अंशांवर कललेली, स्टेशनची ५१.६ अंशांवर, उंचीतही शंभरेक किलोमीटरहून जास्त फरक. एका कक्षेतून दुसरीत जायला कक्षेचं प्रतलच बदलायला लागतं, आणि त्याला लागणारा वेग पाठीवरच्या त्या जेटपॅकमधून कधीच मिळणार नाही. म्हणजे सुटका योगायोगाने.

तरीपण मी तो पुन्हा पुन्हा बघितलाय आणि बघेन, कारण शांतता. मागे स्टेशनचे तुकडे होतायत आणि आवाज नाही, हे एवढं धीटपणे फार कमी लोकांनी केलंय. शिवाय सुरुवातीला तो आपला शरीफ "मेरा जूता है जापानी" म्हणत तरंगत असतो तेव्हा थिएटरात जो काय आवाज झाला होता! २०१३ चा सिनेमा, पुढच्या वर्षी सप्टेंबरात मंगळयान कक्षेत गेलं आणि त्याचा खर्च या सिनेमापेक्षा कमी म्हणून सगळीकडे बातम्या आल्या होत्या, आठवतंय का.

अवकाशवेडा

घाटमाथा, रेंजरचा मुद्दा मान्य करायला लागतोय, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण माझ्या लेखी काळाचा नियम हा त्या सिनेमाचा कणा आहे आणि तो कुठेही मोडत नाही, इंधन हा कणा नाही. सांजवात, मानच्या खोट्या आकड्यांबद्दल तुम्ही लिहिलंय ते फार आवडलं, उद्या ग्रुपवर हेच टाकतो.

तिसरी_घंटा

थ्री बॉडी प्रॉब्लेम बद्दल कोणीच नाही?? मी वाटच बघत होते.

नेटफ्लिक्सची मार्च २०२४ ला आली ती ८ भागांची, आणि त्याआधी जानेवारी २०२३ ला टेन्सेंटची चिनी सिरीज आली ती ३० भागांची. माझ्या ओळखीत ज्यांनी फक्त नेटफ्लिक्सची बघितली ते म्हणतात वेगवान आहे, ज्यांनी लिऊ त्सिशिनची कादंबरी वाचलीय ते म्हणतात वाट लावली. मी दोन्ही बघितल्यात आणि कादंबरीही वाचलीय, तरी माझं मत अजून एका बाजूला पडत नाही.

नेटफ्लिक्सवाल्यांनी कादंबरीतल्या शास्त्रज्ञांचे तुकडे करून ऑक्सफर्डचे पाच मित्र बनवले, सगळे देखणे, सगळे एकमेकांना ओळखणारे. याने गोष्ट लहान झाली. कादंबरीत भीती वाटते ती यामुळे की एकमेकांना न ओळखणारे शास्त्रज्ञ जगभर जीव देतायत आणि कुणालाच कारण कळत नाहीये. इथे ते सगळं एका मित्रमंडळाचं दुःख होऊन बसतं.

पण! सांस्कृतिक क्रांतीचा पहिला सीन नेटफ्लिक्सने जसा केलाय तसा टेन्सेंटला करताच येणार नव्हता. भर सभेत प्राध्यापक बापाला मारतात आणि येह वेनजिए गर्दीतून बघत असते. तो सीन नसेल तर पुढे ती बटण का दाबते हेच कळत नाही. परग्रहावरून "उत्तर देऊ नका" असा इशारा आलेला असताना ती उत्तर देते, एक माणूस अख्ख्या पृथ्वीचा पत्ता देऊन टाकतो, आणि आपण तिला दुष्ट म्हणू शकत नाही. चिनी पुस्तकातही २००८ च्या आवृत्तीत हा भाग मध्ये ढकललेला होता, इंग्रजी भाषांतर झालं तेव्हा केन लिऊने लेखकाच्या संमतीने तो परत सुरुवातीला आणला. मला वाटतं तीच त्याची जागा आहे.

उलट पनामा कालव्यात अतिबारीक नॅनोतंतूंनी जहाज कापायचं ते प्रकरण बघा. टेन्सेंटवाले आधी नीट योजना दाखवतात, तंतू किती अंतरावर लावायचे, दिवसा की रात्री, आणि मग जहाज येतं. नेटफ्लिक्सच्या जहाजावर लहान मुलंही आहेत, त्यामुळे पोटात गोळा येतो पण निर्णय कसा झाला ते हातातून निसटतं. मला वाटतं ३० भाग फार झाले आणि ८ फार कमी.

घाटमाथा

तिसरी_घंटा, छान लिहिलंय. मी फक्त खगोलाचं सांगतो. गोष्टीतले परग्रहवासी जिथले ती अल्फा सेंटॉरी ही खरोखरच तीन ताऱ्यांची व्यवस्था आहे, पण त्यातले दोन तारे साधारण ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात आणि तिसरा प्रॉक्सिमा इतका लांब आहे की त्याला एका फेरीला लाखो वर्षं लागतात. म्हणजे गोष्टीतल्यासारखा गोंधळ तिथे नाही, तिथले तारे बऱ्यापैकी शिस्तीत आहेत. गोष्टीसाठी लेखकाने तिघांना जवळ आणलं, ती त्याची एक माफ असलेली गोष्ट. ४ प्रकाशवर्षं अंतर आणि ४०० वर्षांचा प्रवास म्हणजे प्रकाशाच्या १ टक्का वेग, हा हिशोब मात्र चोख.

सोफॉन (परग्रहवासी प्रोटॉनचा संगणक करून पृथ्वीवर पाठवतात तो) मला पचत नाही. दोन कण जोडलेले असले तरी त्यातून निरोप पाठवता येत नाही, हे क्वांटम भौतिकीत पक्कं आहे. आणि ज्यांच्याकडे प्रोटॉन उलगडून त्याचा संगणक करायची ताकद आहे त्यांना स्वतःचा ग्रह वाचवता येत नाही?

तिसरी_घंटा

येतंच नाही ना, तीच तर गोष्ट आहे! तीन ताऱ्यांचं गणित सोडवता येत नाही, कितीही हुशार असलात तरी. तंत्रज्ञान पुढे गेलं म्हणजे गणित वाकतं असं थोडीच आहे.

राईनकाठ

जर्मनीत राहतो त्यामुळे डार्क या कालप्रवासाच्या जर्मन सिरीजबद्दल लिहिणं माझं कर्तव्यच. २०१७ ते २०२०, तीन सीझन, २६ भाग, आणि एवढ्या भागांत एक नियम: झालेलं बदलत नाही. कोणी मागे जाऊन बदलायला गेला की त्याच्या जाण्यामुळेच ते झालेलं असतं. उलरिक १९५३ ला जाऊन मुलाला वाचवायला बघतो आणि तिथेच अडकून म्हातारा होतो. तो माणूस अख्खं आयुष्य वेड्यांच्या इस्पितळात घालवतो आणि लेखक त्याला सोडवत नाहीत, इतकं निष्ठूर मी दुसऱ्या कुठल्या सिरीजमध्ये बघितलं नाही.

३३ वर्षांचं चक्र पण हवेतून काढलेलं नाहीये, चांद्रवर्ष आणि सौरवर्ष साधारण तेवढ्या काळाने परत जुळतात. आपल्याकडे अधिक मास टाकून हे दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास जुळवून घेतात, मोहरमला अधिक मास नाही म्हणून तो सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण ३३ वर्षांनी परत तिथेच येतो.

पण तिसरा सीझन आला आणि दुसरं विश्व उघडलं, तिथे माझं मन मोडलं. दोन सीझन सांगितलं की गाठ सुटत नाही, आणि मग सुटली. अवकाशवेडांच्या कसोटीवर हे नापासच.

केशरी_मेघ

राईनकाठ, इथे जोरदार असहमत. तिसऱ्या सीझनमध्ये नियम मोडत नाही, तो कुठून आला ते कळतं. दोन्ही विश्वं मूळ जगातल्या तान्हाउस नावाच्या घड्याळजीने मुलगा सून नात परत मिळावेत म्हणून केलेल्या प्रयोगातून जन्मली, म्हणून गाठ त्या विश्वांच्या आतून सुटत नाही, मूळ जगात जाऊनच सुटते. आणि सुटण्याची किंमत बघा, योनास आणि मार्था हे नायक-नायिकाच नाहीसे होतात, मेले असंही नाही, कधी नव्हतेच. फुकटात सुटली असती तर मी तुमच्या बाजूने असतो.

राईनकाठ

किंमत मोठी आहे हे खरं. पण क्षणभर काळ थांबतो तेव्हा साखळीतून निसटता येतं, ही फट शेवटच्या सीझनमध्ये सांगितली. पहिल्यात सांगायला हवी होती.

फेज_टू

आयटीत आहे त्यामुळे सेव्हरन्स बघून दोन दिवस नीट झोप नाही. यात यानं नाहीत, परग्रह नाही, फक्त डोक्यात एक चिप आणि तिचा एकच नियम, ऑफिसमधलं घरी आठवत नाही आणि घरचं ऑफिसमध्ये. एवढ्यावरून सगळं निघतं. ऑफिसमधल्या माणसाला झोप कधी अनुभवताच येत नाही, लिफ्टचं दार बंद झालं की लगेच उघडतं आणि परत कामाचा दिवस सुरू. ऑफिसमधल्या हेलीने राजीनामा दिला तर तो नामंजूर करणारी तीच, बाहेरची हेली. बाहेरची व्हिडिओवर सांगते की तू माणूस नाहीस मी आहे, तेव्हा अंगावर काटा आला.

काही लोक याला सायफाय मानत नाहीत कारण चिप कशी चालते ते दाखवत नाहीत. मला उलट वाटतं, अवकाशवेडांच्या व्याख्येत सगळ्यात चपखल हीच बसते. तक्रार एकच, पहिला सीझन २०२२ चा आणि दुसरा जानेवारी २०२५ ला, एवढ्या वेळात अर्धं विसरायला होतं.

सांजवात

फेज_टू, हेलीच्या त्या सीनबद्दल अगदी अगदी.

अरायव्हल राहिला, परग्रहवासीयांची भाषा शिकणाऱ्या बाईचा. टेड चँगच्या १९९८ च्या कथेवरून केलेला. कथेत फर्माटचं तत्त्व आहे, प्रकाश कमीत कमी वेळाचा रस्ता घेतो म्हणजे जणू त्याला निघण्याआधीच मुक्काम माहीत असतो, त्यावरून ते परग्रहवासी काळाकडे कसे बघतात हे समजतं. सिनेमात ते जवळजवळ गळलंय आणि त्याजागी चिनी जनरलचा फोन आणि युद्ध टळणं आलंय, ते मला नको होतं. पण मुलगी जाणार हे माहीत असून तिला जन्म देणारी आई, हे दोन्हीकडे आहे आणि एमी अॅडम्सने ते न बोलता केलंय.

जुना_वाचक

सगळे प्रतिसाद वाचले, आनंद वाटला. फक्त एवढ्या चर्चेत नारळीकर सरांचं नाव अजून कसं आलं नाही?

कृष्णविवराजवळ काळ मंदावतो यावर मराठीत कथा कधी आली माहितीये का? १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत "कृष्णविवर" नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप, पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की लेखक जयंत विष्णू नारळीकर आहेत. त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली होती, परीक्षकांवर नावाचा दबाव नको म्हणून. इंटरस्टेलरच्या ४० वर्षं आधी!

आणि एकच गोष्ट बदला आणि बाकी सगळं त्यातूनच येऊ द्या हे बघायचं तर "गंगाधरपंतांचे पानिपत" वाचा. विश्वासरावांना गोळी लागत नाही, चाटून जाते, एवढाच फरक. तेवढ्यावरून मराठे पानिपत जिंकतात, पुढचा सगळा इतिहास बदलतो, इंग्रज मुंबईपुरते उरतात. आणि असं का झालं याचं उत्तर शेवटी भौतिकशास्त्रातून येतं, स्वप्न होतं म्हणून सोडून देत नाहीत. हल्ली लोक फॉर ऑल मॅनकाइंडचं कौतुक करतात, रशिया चंद्रावर आधी उतरला तर काय, चांगलीच सिरीज आहे. पण पानिपतावर आपल्याकडे हे काम कधीच होऊन गेलंय आणि त्याची सिरीज करावी असं कुणाला वाटत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मे २०२५ मध्ये सर गेले. त्यांच्या हयातीत व्हायला हवी होती.

नागपूरकर

जुना_वाचक, अकरावीच्या इंग्रजीच्या एनसीईआरटी पुस्तकात ही गोष्ट आहे, माझ्या भाचीला होती. तिच्याकडून ऐकून मग मी मराठीत वाचली.

हिंदीत मात्र एक झालंय, आरती कडवचा कार्गो. नेटफ्लिक्सवर २०२० ला आला. पुष्पक ६३४ए नावाचं यान, त्यावर एक राक्षस वर्षानुवर्षं एकटा बसलाय आणि मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करतो. सगळं जुन्या टीव्ही नि बटणांच्या खोलीत, खर्च कमी, पण नियम स्वच्छ, आठवणी पुसायच्या आणि पाठवायचं. मला कल्की २८९८ एडीपेक्षा हा कितीतरी पटीने आवडला.

फेज_टू

कल्कीला एवढं कमी लेखू नका. कॉम्प्लेक्स नावाचं श्रीमंतांचं शहर वर आणि तहानलेली काशी खाली हे जग बघायला पोरं थिएटरात गेली, आपल्या पुराणांवर एवढ्या मोठ्या पडद्यावर सायफाय झाला, त्याचा फायदा उद्या कार्गोवाल्यांनाच होणार आहे. गाणी नसती तर आणखी बरं झालं असतं हे खरंय.

तिसरी_घंटा

द एक्सपान्स कुणी बघितलीय का? ६ सीझन आहेत म्हणून हिंमत होत नाहीये. नियम पाळणाऱ्यांत हिचं नाव सगळीकडे येतं म्हणून विचारतेय.

घाटमाथा

मी, सगळी. नियम पाळण्यात माझ्या यादीत हीच पहिली. एक काल्पनिक इंजिन आणि परग्रहवासीयांचं तंत्रज्ञान सोडलं तर बाकी सगळं न्यूटनचं. यानात वजन जाणवतं ते फक्त इंजिन चालू असताना, अर्ध्या वाटेत यान उलटं करून ब्रेक लावायला लागतो, सेरेस या लघुग्रहावरच्या स्टेशनवर मिलर नावाचा डिटेक्टिव्ह ग्लासात दारू ओततो तर धार वाकडी पडते कारण अख्खं स्टेशन फिरतंय. आणि राजकारणही त्यातूनच येतं, कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या बेल्टरांची (लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या माणसांची) हाडं लांब आणि नाजूक, त्यांना पृथ्वीवर उभंही राहता येत नाही, म्हणजे बर्फ आणि खनिजं ते खणणार आणि आकाशाखाली कधी राहू शकणार नाहीत. त्यांचा राग कुठून येतो हे वेगळं समजवावं लागत नाही.

सायफाय चॅनलने २०१८ ला तीन सीझननंतर बंद केली होती, मग अॅमेझॉनने घेतली, २०२२ च्या जानेवारीत संपली. ९ पुस्तकांपैकी ६ वरच झालीये पण शेवट अर्धवट वाटत नाही. सुरुवात संथ आहे, नावं आणि गट लक्षात राहत नाहीत, म्हणून पहिल्या सीझनचा चौथा भाग होईपर्यंत सोडू नका. तो बघून आवडली नाही तर खुशाल सोडा आणि इथे येऊन सांगा.